ते चार ठिपके कोण होते हे तुला कळलं, आता हे काम सोडू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्टॅटिस्टिक्सचं शेवटचं वर्ष, कंपनीच्या डायव्हर्सिटी टीममध्ये (सगळ्या गटांतल्या माणसांना समान संधी मिळतेय का हे बघणारी टीम) इंटर्नशिप, तिथे तू प्रमोशनचा चार्ट केलास, विभागवार, दिव्यांग कर्मचारी वेगळ्या रंगात, मॅनेजरना एकदम आवडला, आणि मग एका सहकाऱ्याने तुला बाजूला घेऊन सांगितलं की त्या विभागातले चार ठिपके म्हणजे आम्ही चौघं, कोण मागे राहिलंय ते आता सगळ्या ऑफिसला कळलं. तेव्हापासून तुला झोप नाही, आणि तू विचारतेयस की मी या कामाच्या लायक आहे का, की सरळ विक्रीचे आकडे बघणारी ॲनालिस्टची नोकरी धरू.

चूक झालीय आणि ती लहान नाही. पण ती बहुतेकांकडून होते, आणि तुला कुणीतरी येऊन सांगितलं हे खरं तर फार मोलाचं आहे, कारण सहसा माणसं गप्प बसतात आणि पुढच्या सर्व्हेत उत्तरच देत नाहीत.

आता त्या चार ठिपक्यांचं बघू. बऱ्याच ठिकाणी नियम असतो की 5 किंवा 10 पेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवायचा नाही. तेवढ्याने भागत नाही, कारण एकूण आकडा आणि बाकीचे गट दिले की वजाबाकी करून लपवलेला आकडा कुणीही काढतं, म्हणून कधी आणखी एक गट झाकावा लागतो. आणि दुसरी बाजू अशी की दर वेळी लहान गट झाकले तर ज्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो तीच माणसं कायमची गायब होतात. मग काय करायचं, तर तीन-चार वर्षांचा डेटा एकत्र करता येतो, विभाग जोडता येतात, किंवा चार्ट न काढता त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच शब्दांत लिहिता येतं. यातलं काय योग्य हे सॉफ्टवेअर सांगत नाही, त्या चौघांनाच विचारावं लागतं, आणि खरं स्किल मला तरी हेच वाटतं.

स्टॅटिस्टिक्स शिकतेयस म्हणजे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचं उदाहरण वाचलं असशील. 1973 मध्ये तिथल्या पदव्युत्तर प्रवेशात पुरुषांचे साधारण 44 टक्के अर्ज मंजूर झाले आणि स्त्रियांचे 35 टक्के, पण विभागवार पाहिलं तर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला, कारण जिथे प्रवेश मिळणं अवघड तिथे स्त्रिया जास्त अर्ज करत होत्या. वर्गात आपण इथेच थांबतो, कोडं सुटलं म्हणून. पण समतेचं काम करणाऱ्याला पुढचा प्रश्न पडायला हवा, की त्या विभागांमध्ये जागाच कमी का होत्या आणि मुली तिकडेच का वळत होत्या. चार्ट कुठे तोडायचा यावरून दोष कुणाच्या माथी जाणार ते ठरतं गं.

ॲव्हरेजचंही तसंच. एली होल्डर आणि सिंडी झिओंग या संशोधकांनी 2022 मध्ये एक अभ्यास मांडला, त्यात असं दिसलं की गटांच्या सरासरीचे नुसते बार दाखवले की वाचणारे त्या फरकाचं कारण त्या माणसांच्या गुणांमध्ये शोधायला लागतात, आणि प्रत्येक गटाच्या आत किती फरक आहे, ठिपके कसे पसरलेत, ते दाखवलं की हे कमी होतं. म्हणजे चांगल्या हेतूने काढलेला सरासरीचा बार चार्ट पूर्वग्रह वाढवू शकतो. (आणि तुझ्या प्रसंगात नेमके ठिपकेच नडले, म्हणून सांगते, एकच उपाय सगळीकडे चालत नाही.)

रंग-लेबलं थोडक्यात: कुणाच्या वाट्याला धोक्याचा लाल येतोय, यादीत कायम पहिलं कोण येतं, आणि 'इतर' या डब्यात कोण कोण कोंबलंय, एवढं दर वेळी तपास.

आणि हे सगळं काल-परवाचं फॅड आहे असं समजू नकोस. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना घेऊन अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आयुष्यावरचे साठेक चार्ट हाताने रंगवून मांडले होते, शिक्षण, जमीन, धंदे, सगळं. ज्यांचा डेटा त्यांनीच तो काढलेला, म्हणून त्यात कीव दिसत नाही.

आता नोकरीचं स्पष्ट बोलते. डायव्हर्सिटी हा शब्द पदनामात असलेल्या जागांवर सगळं करिअर उभं करू नकोस. अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये सरकारी खात्यांमधले असे कार्यक्रम एका आदेशाने बंद झाले, आणि पदनाम गेलं की नोकरी जाते. काम मात्र राहतं, आरोग्य, शिक्षण, वाहतूक, पत्रकारिता, सगळीकडे कुणाला काय मिळतंय हे मोजायला आणि दाखवायला माणूस लागतो. म्हणून विक्रीचे आकडे बघायची नोकरी मिळाली तरी वाया जाणार नाही, पण भीतीपोटी घेऊ नकोस. आर किंवा पायथन यातली एक प्रोग्रॅमिंग भाषा पक्की कर, चार्ट काढायला टॅब्लो किंवा पॉवर बीआय यातलं एक सॉफ्टवेअर पुरे, आणि सोबत मुलाखत घ्यायला शीक, जे आपल्या शाखेत कुणी शिकवत नाही.

पोर्टफोलिओत दहा सुंदर चार्ट टाकण्यापेक्षा एकच चार्ट आधी आणि नंतर असा टाक, मधे कुणाला काय विचारलं आणि काय बदललं ते लिही. तुझा तो प्रमोशनचा चार्ट मात्र नको, निदान त्या चौघांनी हो म्हटल्याशिवाय. त्याआधी मॅनेजरना सांगून जुनी फाइल जिथे जिथे गेलीय तिथून काढायला लाव, आणि मग त्या सहकाऱ्याकडे जा, लॅपटॉप न घेता, माफी माग आणि विचार की तुम्हाला यातलं काय दिसायला हवं होतं. ते जे म्हणतील ते मला कळव, पुढचं आपण त्यावरून ठरवू.