ढग काळा आहे, पण फिरतो का?

परवाच्या आंधीनंतर बरीच पत्रं आली. (इंदुरात आपण मराठी बोलतानाही आंधीच म्हणतो, वावटळ नाही.) त्यातली चार घेतो.

आंधीच्या आधी पश्चिमेकडून काळीभोर, लांबलचक ढगांची पट्टी आली, खाली धुळीची भिंत. समोरचा गुलमोहर उन्मळला. शेजारी म्हणतात टोर्नेडो होता. खरं का? – सुदामा नगर

गुलमोहर कुठल्या बाजूला पडला आणि गल्लीतली बाकीची झाडं कुठल्या, ते आधी बघा. सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पसरून आडवी झाली असतील, तर तो ढगातून खाली आदळून फुटलेला वारा, म्हणजे डाउनबर्स्ट. टोर्नेडोच्या अरुंद वाटेवर झाडं आतल्या बाजूला वळून एकमेकांवर पडलेली सापडतात. तुम्ही पाहिली ती पट्टी थंड वाऱ्याच्या तोंडावर तयार होणारा शेल्फ ढग असावा. दिसतो भयंकर, पण पुढे सरकत जातो, भोवऱ्यासारखा फिरत नाही.

विंडी अ‍ॅपवर इंदूरसाठी केप ३५०० दिसत होता. अमेरिकेत एवढ्यावर टोर्नेडोचा इशारा देतात म्हणे. मग आपल्याकडे का नाही? – रामबाग

नुसत्या केपवर तिथंही कुणी इशारा देत नाही. केप म्हणजे चुलीतलं सरपण. वर चढणाऱ्या हवेला किती जोर मिळू शकेल, एवढंच तो सांगतो. ढग फिरायला हवा असतो उंचीनुसार बदलणारा वारा. जमिनीपासून सहा किलोमीटरपर्यंत वाऱ्यात साधारण ४० नॉटचा, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरचा फरक असेल, तर चढता प्रवाह स्वतःच फिरू लागतो आणि पाऊस त्याच्यावर न पडता बाजूला पडतो. हाच सुपरसेल. तेव्हा विंडीवर जमिनीवरचा आणि ५०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवरचा वारा ताडून बघा.

दुसरी गोष्ट ढगाच्या बुडाची, आणि आपलं उत्तर खरं तिथं आहे. तापमान आणि दवबिंदू (हवा जितकी गार झाल्यावर तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) यांच्यातल्या फरकाच्या दर अंशामागे बूड सव्वाशे मीटर वर. मेमधल्या दुपारी तापमान ४१, दवबिंदू १५ असेल तर बूड सव्वातीन किलोमीटरवर! जोरदार टोर्नेडोंना ते बहुधा किलोमीटर-सव्वा किलोमीटरच्या आत लागतं. माळव्यात पाऊस एवढ्या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच सुकतो, हवा गार आणि जड होते आणि दाणकन खाली येते. सुदामा नगरच्या गुलमोहरावर माझा संशय हाच.

टोर्नेडो भारतात होतच नाहीत का? आणि भोपाळच्या रडारवर हुकासारखा आकार दिसला तर काय समजावं? – लोकमान्य नगर

होतात. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत झाला होता. बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसं गेली. तिथं खाली बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि वर जोरदार पश्चिमी वारा, दोन्ही एकत्र येतात.

हुक ही फिरत्या ढगाची खूण मानतात, पण तिच्यावर फार विसंबू नका. खरा पुरावा डॉप्लरच्या, म्हणजे रडारवरच्या वाऱ्याच्या वेगाच्या चित्रात असतो: रडारकडे येणारा आणि दूर जाणारा वारा अगदी खेटून. पण भोपाळ इथून हवाई अंतराने सुमारे १७० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा सर्वांत खालचा किरणही इंदुरावर तीन किलोमीटरच्या वरून जातो. ढगाच्या पोटातलं फिरणं दिसेल, जमिनीजवळचं नाही. म्हणून मी स्वतः सुपरसेलची ही लक्षणं पाहतो: एखादा ढग तासाभराहून जास्त टिकलाय का, आणि बाकीच्यांची वाट सोडून उजवीकडे कललाय का.

गच्चीवरून व्हिडिओ काढला तर चालेल? – नारायण बाग

नाही. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खाली उतरा. विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप ठेवा, व्हिडिओ खिडकीतून काढा.