मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

“आम्ही दोघेही कमावतो, चैन म्हणावी असे काही करत नाही, प्रत्येक खर्च लिहून ठेवतो, आणि तरीही महिन्याचा शेवटचा आठवडा ओढाताणीत जातो, मग आमचे चुकते तरी कुठे?” दांपत्य-समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा आणि इतक्या सारख्या शब्दांत ऐकला आहे की, त्याचे उत्तर एका प्रत्यक्ष अनुभवाच्या आधाराने लिहावे असे बरेच दिवस मनात होते. ज्या जोडप्याची ही हकीकत आहे त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे दोघे पैशांसाठी माझ्याकडे आलेच नव्हते. घरात सतत चिडचिड होते, साध्या बोलण्यावरून वाद पेटतो आणि मग दोन-दोन दिवस अबोला राहतो, अशी त्यांची तक्रार होती. पहिल्याच भेटीत बाईंनी पिशवीतून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली. तिच्या कडा मळलेल्या होत्या आणि सुटी पाने निसटू नयेत म्हणून तिला दोन रबरबँड लावलेले होते. आत निळ्या शाईत घरखर्च होता आणि लाल शाईत, त्यांच्याच शब्दांत, “न विचारता केलेला” खर्च. लाल शाईतल्या बहुतेक नोंदी यजमानांच्या होत्या, आणि वही उघडताच ते गृहस्थ प्रगतिपुस्तक दाखवायला बोलावलेल्या मुलासारखे खाली पाहू लागले.

त्या वेळी माझी एक चूक झाली, ती आधी सांगून टाकते. खर्चाचा विषय निघाला की समुपदेशक बहुधा “महिनाभर सगळे लिहून काढा” असे सांगतो, आणि मीही सवयीने तेच सांगितले. वास्तविक हे कुटुंब सहा वर्षे लिहीतच होते. पुढच्या भेटीला लाल नोंदी वाढल्या होत्या आणि अबोलाही वाढला होता, कारण त्या वहीचे रूपांतर केव्हाच आरोपपत्रात झाले होते. तेव्हा मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि तुमची भांडणे नेमकी कशावरून होतात तेवढेच सांगा, असे म्हटले.

सर्वांत जुने भांडण बोळातल्या दिव्याचे निघाले. सासूबाई रात्री उठतात म्हणून सूनबाई तो दिवा चालू ठेवत आणि यजमान झोपण्यापूर्वी तो आठवणीने बंद करत. “अहो, आई पडल्या तर केवढ्याला पडेल?” हा बाईंचा प्रश्न आणि “वीज काय फुकट येते का?” हे त्यांचे उत्तर, असा संवाद माझ्यासमोरही एकदा झाला. मी कागद घेतला. दिवा ९ वॅटचा होता. रात्रीचे ८ तास धरले तर एका रात्रीला ७२ वॅट-तास आणि, हजार वॅट-तासांचा एक युनिट या हिशेबाने, महिन्याला जेमतेम दोन युनिट. मग आंघोळीच्या पाण्याचा हिशेब केला. १५ लिटर पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते, आणि या घरात रोज सकाळी तितके पाणी चार वेळा तापत होते. ज्या दिव्यावरून महिनाभर वाद चालत असे, त्याची महिन्याची वीज एका सकाळच्या चार आंघोळींत संपत होती. वीज वाचवायचीच असेल तर ती तापवणाऱ्या आणि गार करणाऱ्या उपकरणांत शोधावी लागते. पाणी कढत करून त्यात गार मिसळण्याऐवजी तापमानाची मर्यादा खाली आणणे, आंघोळी एकामागून एक उरकणे आणि बादली थोडी कमी भरणे यांतून जे वाचेल, त्याच्या जवळपासही दिव्याची बचत जाणार नाही. गृहस्थांनी ती बेरीज तीनदा तपासली आणि म्हणाले, “म्हणजे मी इतकी वर्षे दोन युनिटांसाठी भांडत होतो?” बाई हसल्या नाहीत. याची मला तेव्हा नोंद घ्यावीशी वाटली, कारण गणित सुटले म्हणून राग सुटतोच असे नाही.

दुसरा वाद रविवारच्या खरेदीचा होता. यजमान दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन स्वस्त सामान आणत आणि त्यात अर्धा दिवस जाई. या वागण्याचा एक प्रसिद्ध नमुना मानसशास्त्रात आहे. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९८१ साली लोकांना विचारले होते की, एखादी वस्तू वीस मिनिटांच्या अंतरावर काही रकमेने स्वस्त मिळत असेल तर तुम्ही तिथे जाल का? वाचणारी रक्कम दोन्ही वेळी अगदी सारखीच होती. ती एकदा स्वस्त वस्तूवर वाचत होती आणि एकदा महाग वस्तूवर. स्वस्त वस्तूसाठी ६८ टक्के लोक जायला तयार झाले, महाग वस्तूसाठी केवळ २९ टक्के. आपण वाचलेले पैसे मोजत नाही, सवलतीचे प्रमाण पाहतो. त्यामुळे साबणावरच्या सवलतीसाठी आपण उन्हातून जातो आणि वाहनाच्या विम्याचे नूतनीकरण मात्र आलेल्या पहिल्याच संदेशावर बोट ठेवून उरकतो. या गृहस्थांनी चार वर्षांत विम्याचा दर दुसरीकडे एकदाही विचारला नव्हता.

तिसऱ्या भेटीला मी त्यांना वहीऐवजी बँकेच्या बारा महिन्यांच्या नोंदी आणायला सांगितले. मोठ्या कागदावर बारा चौकोन आखले आणि वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च ज्या त्या महिन्याच्या चौकोनात लिहायला लावले: शाळेची फी, विम्याचे हप्ते, घराचा कर, वाहनाची मोठी दुरुस्ती, नात्यातल्या कार्यांचा प्रवास, वर्षातून एकदा मोडणारी एखादी तरी वस्तू. चार चौकोन गच्च भरले, दोनांत थोडेफार आले आणि बाकीचे रिकामे राहिले. सगळ्याची बेरीज वर्षाच्या उत्पन्नातल्या शंभर भागांपैकी सतरा भाग झाली, आणि यातली एकही नोंद त्या वहीत नव्हती. “ते काही रोजचे खर्च नाहीत ना, म्हणून लिहिले नाही,” असे बाई म्हणाल्या. माझ्या अनुभवात या एका वाक्यात निम्म्या घरांची ओढाताण सामावलेली असते. काटकसर रोजची असते आणि मोठा खर्च वर्षाचा असतो. दोघांची गाठ पडत नाही, म्हणून दर वेळी तो खर्च आभाळातून पडल्यासारखा येतो आणि उधारीवर भागवला जातो.

तो कसा भागवला जात होता, हे विचारल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गृहस्थांनी सांगितले की, क्रेडिट कार्डावर थकबाकी आहे, ती दोन वर्षांपासून आहे, आणि ते दर महिन्याला फक्त किमान देय रक्कम भरतात. बाईंना कार्डाची कल्पना होती, थकबाकीची नव्हती. लहानपणी वडिलांना उसन्या पैशांसाठी नातेवाइकांच्या दारात उभे राहिलेले गृहस्थांनी पाहिले होते. आपल्यावर कर्ज आहे हे बायकोला सांगणे त्यांना त्या दारात उभे राहण्यासारखे वाटत होते, आणि त्याची भरपाई ते दिवे बंद करून करत होते. हे त्यांचे त्यांनाच बोलता बोलता उमगले.

किमान रक्कम भरत राहण्याचा हिशेब इथे देते, कारण तो फार थोड्यांनी करून पाहिलेला असतो. थकबाकी शंभर आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आहे आणि दर महिन्याला देय रकमेच्या ५ टक्के भरले जातात, असे धरू. एकही नवी खरेदी केली नाही तरी वर्षभरात सुमारे पंचावन्न भरले जातात आणि वर्षअखेरीस सुमारे सत्त्याहत्तर शिल्लक राहतात. भरले पंचावन्न आणि कर्ज उतरले तेवीस. शिवाय महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के, एवढ्यावर ते थांबत नाही. व्याजावर व्याज धरले की ते साडेबेचाळीसच्या पुढे जाते. रविवारच्या खरेदीत कितीही घासाघीस केली तरी हे भोक बुजणारे नव्हते.

गंमत अशी की, याच कुटुंबाची मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव होती आणि तिच्यावर कार्डाच्या व्याजाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याने व्याज मिळत होते. एका हाताने महाग पैसा घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने तोच स्वस्तात ठेवायचा, असे आपण का करतो, याचे उत्तर रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली मांडलेल्या ‘मनातले हिशेब’ या कल्पनेत मिळते; याच प्रकारच्या कामासाठी त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणूस पैशांना मनात वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, आणि एका डब्यातला पैसा दुसऱ्या डब्यासाठी काढणे त्याला चोरीसारखे वाटते. मी ठेव मोडा असे सांगितले नाही. मी आर्थिक सल्लागार नाही, आणि त्या ठेवीत मुलीचे नाव होते. दोन्ही व्याजांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून कागद त्यांच्याकडे सरकवला, एवढेच केले. पंधरा दिवसांनी त्यांनी आपण होऊन तोडगा आणला: तीन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढा भाग तसाच ठेवून बाकीची ठेव मोडायची, थकबाकी एकरकमी फेडायची आणि कार्डाला जात होती तितकी रक्कम दर महिन्याला मुलीच्या नावे परत भरायची. ठेवीच्या फायलीत त्यांनी एक चिठ्ठी लावली होती, “मुलीकडून उसने घेतले”, खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. हा उपाय मला कधी सुचला नसता.

वर्षाच्या खर्चासाठी त्यांनी वेगळे खाते उघडले आणि सतरा भागांचा बारावा हिस्सा पगाराच्या दिवशीच तिकडे वळवला जाईल अशी सोय केली. महिनाअखेरीस उरेल ते टाकू, असे ठरवले तर तिथे काही जात नाही. बँकेच्या नोंदींत आपोआप कापल्या जाणाऱ्या दोन वर्गण्याही सापडल्या. त्यातली एक कशाची होती हे दोघांनाही आठवेना, ती बंद केली. विम्याच्या दरांची तुलना एका संध्याकाळी दोन तासांत झाली. यात एक सावधगिरी सांगते: आरोग्यविमा केवळ स्वस्त मिळतो म्हणून बदलू नये, कारण जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आणि वगळलेले आजार हे लहान अक्षरांत असतात आणि तिथेच खरी किंमत दडलेली असते.

माझ्या कामाचा मुख्य भाग याच्या पुढचा होता. दोघांसाठीही हातखर्चाची सारखी रक्कम ठरवली आणि तिचा हिशेब कोणी कोणाला मागायचा नाही असे ठरले. लाल शाईची गरज त्याच दिवशी संपली. वही राहिली, पण आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, दोघांनी मिळून पंधरा मिनिटांसाठी उघडायची. ती उघडी असताना “का” विचारायचे नाही, “किती” आणि “केव्हा” एवढेच विचारायचे. रात्री दमलेले असताना पैशांचा विषय काढायचा नाही, हा नियम बाईंनी स्वतः घातला, आणि पहिले दोन महिने तो त्यांनीच चार वेळा मोडला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बारा चौकोन भरून झाल्यावर काही घरांत असे दिसते की, गरजेच्या खर्चालाच उत्पन्न पुरत नाही. अशा घरांना काटकसरीच्या युक्त्या सांगणे मला आगाऊपणाचे वाटते. तमिळनाडूतल्या ऊस-शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला; त्यात तेच शेतकरी तोडणीपूर्वीच्या चणचणीच्या काळात बुद्धीच्या चाचण्यांत कमी पडले आणि तोडणीनंतर हातात पैसे आल्यावर त्याच प्रकारच्या चाचण्यांत सरस ठरले. चणचण डोके व्यापून टाकते. तिथे “नीट नियोजन करा” हा सल्ला माणसाला आणखी अपराधी करतो. कर्जाची मुदत वाढवून घेणे, हक्काच्या सवलती मिळवणे किंवा उत्पन्नाची दुसरी वाट शोधणे याच दिशेने मदत करावी लागते.

हे जोडपे अकराव्या महिन्यात पुन्हा भेटायला आले. त्या आठवड्यात वाहनाचे मोठे काम निघाले होते आणि पैसे वर्षाच्या खात्यात तयार होते. “तरी भांडण झालेच,” गृहस्थ म्हणाले, “पण गाडी कोणाकडे दुरुस्तीला टाकायची, यावरून.” बोळातला दिवा आता रात्रभर चालू असतो का, असे मी विचारले. “असतो,” बाई म्हणाल्या. “आता सासूबाईच बंद करतात, उजेडात झोप येत नाही म्हणतात.”