नावे नंतर, आधी एक चित्र
चित्रकलेच्या अभ्यासाला नव्याने सुरुवात करताना चित्रकारांची नावे आणि सनावळ्या घोकण्याऐवजी आपण एकाच चित्रापाशी ठाण मांडावे, असे मी सुचवीन. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील, स्पॅनिश चित्रकार दिएगो व्हेलास्केझने १६५६ साली रंगविलेले ‘लास मेनिनास’ त्यासाठी उत्तम आहे. राजकन्या मार्गारीटाच्या बाहीवरचे फटकारे जवळून पाहिल्यास नुसते विस्कळीत डाग दिसतात आणि दुरून पाहताच त्यांचे झुळझुळीत वस्त्र होते. तळहाताएवढ्या छापील प्रतीत ही गंमत हाती लागत नाही, म्हणून मोठी, स्पष्ट प्रतिमा मिळवावी. मागच्या भिंतीवरील आरशात राजाराणी दिसतात. ती दोघे आपण प्रेक्षक उभे असतो त्या जागी उभी आहेत, की आरशात उमटले आहे ते चित्रातला चित्रकार रंगवीत असलेल्या, आपल्याकडे पाठ असलेल्या कॅनव्हासवरचे त्यांचे चित्र, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. त्यांची मते वाचण्यापूर्वी आपले मत कागदावर उतरवून ठेवावे.