हार्मोन की सूज? अगं, दोन्ही

सोनोग्राफी नॉर्मल, तरी डॉक्टरांनी एंडोमेट्रिओसिस धरून डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी दिलीय, मावशी म्हणतात हार्मोनच्या गोळ्या नको, हा सूजेचा आजार, हळदीचं दूध नि पथ्य पुरे, आणि इकडे पाळीत सातपूरला कंपनीत तुला उभं राहवत नाही. मग खरं कारण हार्मोन की सूज, असं विचारलंयस.

दोन्ही गं, आणि ती एकमेकांना खतपाणी घालतात, म्हणूनच हे दुखणं इतकं चिवट. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, ओव्हरीवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर वाढतात आणि त्यांना इस्ट्रोजेन हे हार्मोन लागतं. ते ओव्हरीतून येतंच, पण या पेशी स्वतःही बनवतात, त्यांच्यात ते बनवणारं अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, जे निरोगी अस्तरात जवळपास नसतंच. शरीराच्या संरक्षक पेशी तिथे जमा होतात, सूज येते, प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. तेच कळा आणतं आणि तेच अरोमाटेज वाढवतं, म्हणजे परत इस्ट्रोजेन, आणि इस्ट्रोजेन वाढलं की परत प्रोस्टाग्लँडिन. एरवी याला लगाम घालतं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन, पण या पेशी त्याचं नीट ऐकत नाहीत, म्हणून काही जणींना प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्यांचा फरक कमी पडतो.

आता तुझी गोळी. डायनोजेस्ट 2 मिग्रॅ रोज एकाच वेळी घ्यायची, ओव्हरीतलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि सूजही उतरते, म्हणजे मावशींना ज्या सूजेची काळजी आहे तिच्यावरच ही काम करते, हे त्यांना शांतपणे सांग. सुरुवातीचे काही महिने मधेमधे स्पॉटिंग होतं, त्याला घाबरून बंद करू नकोस. मूड फार खाली गेला तर मात्र लगेच सांगायचं. बाळाचा विचार असेल तर तेही आधीच, कारण या गोळीने बहुतेकींचं ओव्ह्युलेशन, म्हणजे ओव्हरीतून बीज सुटणं, थांबतं.

हळद जेवणात खुशाल घे, पण गोळीच्या जागी नाही. आणि मेफेनॅमिक ॲसिडसारखी पेनकिलर प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवते, म्हणून कळा सुरू होतायत वाटलं की लगेच, खाऊन घ्यायची, असह्य होईपर्यंत दात-ओठ खात बसायचं नाही. ॲसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर विचारूनच.

सोनोग्राफीत या पेशींचे बारीक चट्टे दिसत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तुझं दुखणं मनाचं आहे असं कुणी म्हटलं तर अजिबात ऐकून घेऊ नकोस. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही, गोळ्या सुरू करायला आधी लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीने पोटात बघणं) झालीच पाहिजे असं नाहीये, म्हणजे तुझे डॉक्टर बरोबर चाललेत. आणि "एक मूल झालं की बरं होईल" हे नाशिकात घरोघरी ऐकवतात, त्याचा मला खरंच राग येतो, बाळंतपण हा यावरचा इलाज नाही.

पुढच्या व्हिजिटला दुखण्याच्या तारखा लिहून ने, आणि शौचाला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का ते लाज न बाळगता सांग, त्यावरून चट्टे कुठे असतील याचा त्यांना अंदाज येतो.