पावसची बाग आणि ऑस्ट्रेलियाचं टॅक्स रिटर्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४८२ व्हिसावर (ऑस्ट्रेलियाचा तात्पुरता नोकरीचा व्हिसा) मेलबर्नला नोकरी लागली आहे, गणपती झाले की सप्टेंबरात निघायचं, पावसला भावाबरोबर सामायिक सातबाऱ्यावर हापूसची बाग आहे, पुढे पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घ्यायचा विचार आहे, टॅक्सचं काय काय सांभाळावं?

आधी निघण्याची तारीख बघा. भारतातलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. नोकरीसाठी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवस भारतात राहिला, तर तो निवासीच धरला जातो आणि ऑस्ट्रेलियातला पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. २८ सप्टेंबरला निघालात तर १८१ दिवस भरतात. मग मार्चमध्ये शिमग्याच्या पालखीला दोन दिवस आलात तरी मर्यादा ओलांडली, कारण ते वर्षही तेच. शिमगा चुकवायचा नसेल तर विसर्जन झाल्या झाल्या निघा. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करण्याचे कागद बँकेतून आधीच आणून ठेवा.

मेलबर्नला उतरल्यावर टीएफएनचा, म्हणजे तिकडच्या टॅक्स फाइल नंबरचा, अर्ज ऑनलाइन करा. तो फुकट असतो. पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. नोकरी लागल्यापासून २८ दिवसांत नंबर दिला नाही, तर कंपनीला पगारातून ४७ टक्के कापावे लागतात. कंपनी जो टीएफएनचा फॉर्म देते त्यात ‘करासाठी निवासी आहात का’ असं विचारतात. व्हिसा तात्पुरता म्हणून बरेच जण ‘नाही’ लिहितात आणि पहिल्या डॉलरपासून ३० टक्के कापून घेतात. व्हिसा वेगळा, कर-निवास वेगळा. कामासाठी येऊन घर मांडून राहणारा साधारणपणे निवासीच ठरतो. मात्र सप्टेंबरात आलात तर पहिल्या वर्षी करमुक्त मर्यादा पूर्ण १८,२०० डॉलर मिळत नाही, दहा महिन्यांच्या हिशोबाने सुमारे १७,४१० मिळते.

भारतीयांना ४८२ वर सहसा मेडिकेअर (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) नसतं, तरी रिटर्नमध्ये त्यासाठीची २ टक्के लेव्ही लागते. ८०,००० पगारावर ती १,६०० डॉलर होते. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याकडून मेडिकेअर एंटायटलमेंट स्टेटमेंट (मेडिकेअरचा हक्क नसल्याचा दाखला) घेतलंत तर ती माफ होते. ते दर वर्षी नव्याने काढायचं.

तिकडचं वर्ष ३० जूनला संपतं. १ जुलैलाच रिटर्न भरायची घाई नको. कंपनीचं उत्पन्नपत्रक ऑस्ट्रेलियन सरकारच्या मायगव्ह साइटवर ‘टॅक्स रेडी’ दिसेपर्यंत थांबा. बहुतेक कंपन्यांना त्यासाठी १४ जुलैची मुदत असते. स्वतः भरायचं तर शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. विमानाचं तिकीट आणि व्हिसाची फी खर्चात धरता येत नाही.

आता बागेचं. तुम्ही तात्पुरत्या व्हिसावर आहात आणि जोडीदारही ऑस्ट्रेलियन नागरिक किंवा पीआर नाही, तोवर भारतातलं व्याज, भाडं, बागेचं उत्पन्न यावर ऑस्ट्रेलिया कर लावत नाही. पीआर मिळालं त्या दिवसापासून मात्र जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. इथेच कोकणातली माणसं फसतात: शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त, म्हणून ते ऑस्ट्रेलियातही सांगायचं नाही असं धरून चालतात. तसं नाही. उलट भारतात कर भरलेलाच नसल्याने ऑस्ट्रेलियातल्या करातून वळतं करून घ्यायलाही काही नसतं. भारतात करमुक्त असलेल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या) ठेवींच्या व्याजाचंही तेच.

म्हणून भावाचा आणि तुमचा वाटा लेखी ठेवा. बाग कराराने दिली असेल तर करारपत्र आणि प्रत्येक हप्त्याची तारीख जपा. पहिला हप्ता थंडीत आणि शेवटचा मेमध्ये आला तरी दोन्ही एकाच ऑस्ट्रेलियन वर्षात बसतात. स्वतः बाग करत असाल तर फवारणी, खत, राखणदाराची मजुरी, पेट्या यांच्या पावत्या हव्यात, हा खर्च वजा होतो.

आणि पीआर मंजूर झाल्याच्या तारखेचं बागेचं नि घराचं मूल्यांकन सरकारमान्य व्हॅल्युअरकडून करून घ्या. पुढे जमीन विकलीत तर ऑस्ट्रेलिया नफा त्या दिवसाच्या बाजारभावापासून मोजतो, वडिलांनी घेतली तेव्हाच्या किमतीपासून नाही. रेडी रेकनरचा दर म्हणजे बाजारभाव नव्हे, त्यामुळे अहवालात आसपासच्या खरेदीखतांचे दाखले आणि कलमांची संख्या आली पाहिजे.