पासवर्ड बरोबर, तरी मेल येईना!

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहतो, रिटायर आहे, आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा सगळा पत्रव्यवहार माझ्याचकडे असतो. मेल मी जुन्या डेस्कटॉपवर थंडरबर्ड नावाच्या मेल प्रोग्राममध्ये बघतो, त्यात दर वर्षाचं वेगळं फोल्डर लावलंय. आता अचानक पासवर्ड चुकीचा म्हणतंय, आणि तोच पासवर्ड वेबसाइटवर बिनबोभाट चालतो! मुलगा म्हणतो बाबा, फोनवर कंपनीचं ॲप घ्या. का घ्यायचं? मेल माझे, मग ते कशात वाचायचे हे कंपनी कोण ठरवणार?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काका, पासवर्ड बरोबरच आहे हो, फक्त नुसता पासवर्ड बाहेरच्या प्रोग्रामकडून घेणंच बंद झालंय. गूगलने साध्या खात्यांसाठी हे 30 मे 2022 ला केलं, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी 16 सप्टेंबर 2024 ला. कारण अगदीच खोटं नाही, एकच पासवर्ड फुटला की मेल, फोटो, सगळंच गेलं. आता ओऑथ नावाची पद्धत आहे, म्हणजे कंपनीचंच पान उघडतं, तुम्ही तिथे लॉगिन करता आणि प्रोग्रामला पासवर्ड न कळता नुसती परवानगी मिळते.

पण तुमचा राग बरोबर जागी आहे. ही परवानगी मागायला प्रोग्राम आधी कंपनीकडे नोंदवावा लागतो, आणि गूगलकडे तर पूर्ण मेलबॉक्स वाचायचा असेल तर तपासणी पार करा, डेटा तुमच्या सर्व्हरवरून जात असेल तर सिक्युरिटी ऑडिट करा, तेही पदरच्या पैशाने. थंडरबर्डच्या मागे फायरफॉक्सवाली मोझिला आहे म्हणून निभावलं, पण घरी बसून एकट्याने फुकट मेल प्रोग्राम लिहिणारा पोरगा हे कुठून करणार? मग असे काही जण वापरणाऱ्यालाच सांगतात की गूगल क्लाउडमध्ये जाऊन स्वतःचा प्रोजेक्ट बनवा, म्हणजे प्रोग्रामची नोंदणी तुमच्याच नावाने करा. आता मंडळाची वर्गणी गोळा करणारा माणूस हे करेल? आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरचे मेल कुठल्याही प्रोग्राममध्ये दाखवणारं तंत्र, सगळ्यांसाठी खुलं आहे ते कागदावर, किल्ली दोन-तीन कंपन्यांच्या खिशात. मला हे पटत नाही.

तुमचं काम मात्र होईल. थंडरबर्ड आधी अपडेट करा, मग अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज, तिथे ऑथेंटिकेशन मेथडमध्ये 'नॉर्मल पासवर्ड' असेल त्याचं 'ओऑथ 2' करा. खाली आउटगोइंग सर्व्हरलाही तेच करा, हे लोक हमखास विसरतात आणि मग मेल येतात पण जात नाहीत. लॉगिनची खिडकी कोरी आली तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज चालू करा. गूगलच्या खात्यावर दुसरा रस्ताही आहे, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करून त्या प्रोग्रामपुरता 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यायचा, पण मुख्य पासवर्ड बदललात की तो रद्द होतो.

आणि काका, वैतागून जुनं खातं काढून नवं टाकू नका. पॉपने, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या जुन्या पद्धतीने, घेतलेले मेल कदाचित फक्त त्याच डेस्कटॉपवर असतील, तेव्हा सेटिंगला हात लावायच्या आधी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचं, म्हणजे थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग ठेवतं ते, अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या.