रोलर कोस्टर चालतो, मग जागच्या जागी हलणारी खुर्ची का बाधते?

प्रश्न : माझं वय ४६, राहायला कोपरखैरण्यात. खोपोलीच्या इमॅजिकात रोलर कोस्टरमध्ये मी पोरांच्या बरोबरीने हात वर करून बसते, काही होत नाही. पण मध्यंतरी एका मॉलमध्ये पडद्यासमोरच्या हलत्या खुर्च्यांची सिम्युलेटर राइड घेतली आणि दोन-तीन मिनिटांत घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं. रात्री जेवणही गेलं नाही. घरचे म्हणतात, मनाची भीती आहे. दिवाळीत भावाकडे फ्लोरिडाला जायचंय. भाच्याने तिथल्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कातल्या ‘मिशन स्पेस’ या अंतराळयानाच्या राइडचा ऑरेंज हा जोरदार प्रकार ठरवून ठेवलाय, “आत्या, तुला यायचंच आहे” म्हणून मागे लागलाय. जाऊ का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : घरच्यांना आधी सांगा, ही भीती नव्हे. भीती असती तर रोलर कोस्टरच्या पहिल्या चढावरच धडकी भरली असती. तुमच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा शाबूत आहे, म्हणून त्रास होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी कर्णबधिरांना गरगर फिरवून केलेली निरीक्षणं १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या अनेकांना भोवळच आली नव्हती. ज्यांची ही यंत्रणा दोन्ही कानांत पूर्ण निकामी असते, त्यांना गाडी लागत नाही आणि बोटही लागत नाही.

रोलर कोस्टरमध्ये तुम्ही खरोखर खाली येता, डोळ्यांनाही तेच दिसतं. सिम्युलेटरचं तसं नाही. पडद्यावर यान पुढे झेपावतं तेव्हा तुमची खुर्ची मागे कलते. पाठ खुर्चीत दाबली जाते आणि मेंदूला वाटतं, वेग वाढला. कानातल्या चुन्याच्या बारीक कणांना कलणं आणि वेग वाढणं यांतला फरक कळत नाही. या एका गोष्टीवर ही सगळी करामत उभी आहे. मला तिचं आजही अप्रूप वाटतं. पण खुर्ची जागेवरून फार तर थोडीशी सरकते. पडद्यावर यानाने गर्रकन वळण घेतलं की डोळे सांगतात वळलो, आणि कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या सांगतात, अजिबात नाही. हा विसंवाद चालू राहिला की घाम, तोंडाला पाणी आणि मग मळमळ.

अशा राइडला मागच्या रांगेतली मधली खुर्ची घ्या, म्हणजे पडदा नजरेत कमी भरतो. तोंडाला पाणी सुटू लागताच नजर पुढच्या खुर्चीच्या कडेवर किंवा दारावरच्या दिव्यावर ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर खुशाल डोळे मिटा. भांडणाऱ्या दोघांतला एक उठून गेला की भांडण आपोआप थंडावतं.

ऑरेंजचं प्रकरण मात्र वेगळं, तिथे याच्या उलट वागायचं. २००३ साली सुरू झालेल्या त्या राइडमध्ये चौघांची कुपी एका मोठ्या यंत्राच्या टोकाला असते आणि ते यंत्र खरोखर गरगर फिरतं. छातीवर येणारा दाब खरा असतो, वजन दुपटीहून जास्त झाल्यासारखा. फिरणं मात्र आतून दिसत नाही.

माझ्या नौपाड्यातल्या दवाखान्यात एक फिरतं स्टूल आहे. शिकायला येणाऱ्या मुलांना त्यावर बसवते, डोळे मिटायला सांगते आणि एकाच गतीने फिरवत राहते. थोड्या वेळाने ती म्हणतात, “मॅडम, थांबलं.” थांबलेलं नसतं. मग मी सांगते, आता मान उजव्या खांद्याकडे कलवा. त्याच क्षणी दोन्ही हात स्टुलाची कड घट्ट धरतात, चेहरा पांढराफटक पडतो. आपण कोलमडतोय अशी त्यांची खात्री झालेली असते आणि स्टूल पहिल्याच गतीने फिरत असतं. घरी करून पाहू नका, माणूस खरंच पडतो.

ऑरेंजमध्येही फिरताना मान हलली की हेच होतं. म्हणून तिथे डोकं मागे टेकवायचं, नजर समोर ठेवायची आणि डोळे मिटायचे नाहीत. शेजारून भाचा “आत्या, बघ!” म्हणून ओरडला तरी मान वळवायची नाही. त्याला हे आधीच बजावून ठेवा.

जा जरूर, पण आधी ग्रीन हा ‘मिशन स्पेस’चाच सौम्य प्रकार घ्या. तिथलं यंत्र फिरत नाही. बरं वाटलं तर ऑरेंजचा विचार करा. रक्तदाब, हृदयविकार किंवा मानेचं दुखणं असेल तर मात्र ऑरेंज नकोच. अर्धशिशी असणाऱ्यांना मळमळ जास्त होते, त्यांनीही ग्रीनवरच थांबावं, असं माझं मत.

पोट रिकामं नको, तुडुंबही नको. आलं चघळायला हरकत नाही, पण त्यावर फार विसंबू नका. उलटीसाठी घरोघरी असते ती ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी प्रवासाच्या मळमळीवर फारशी चालत नाही, आणि लोक नेमकी तीच घेतात. मेक्लिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा विशेष उपयोग नाही. काचबिंदू असेल तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळीने झोप येते, कुणाला थोडी, कुणाला भरपूर. तेव्हा ती पहिल्यांदा फ्लोरिडात घेऊ नका. जाण्याआधी एखाद्या रविवारी घरीच घेऊन पाहा, आणि त्या दिवशी गाडी चालवू नका.